हरणीची दोन वयं

प्रिय दादा,

पत्राची सुरुवात खुशाली विचारून करायची असते म्हणून विचारते, कसा आहेस? उत्तर मला माहीत आहे, कारण वहिनी रोज तेच सांगते. सकाळी फोन केला तर तू फिरायला गेलेला असतोस, दुपारी केला तर झोपलेला असतोस आणि संध्याकाळी केला तर परत फिरायला गेलेला असतोस. इतकं चालून आणि इतकं झोपून एव्हाना तुझा पैलवान झाला असेल. मागच्या आठवड्यात मी ऑफिसातल्या शिपायाच्या फोनवरून तुला फोन लावला. तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, आणि वागतोस रुसलेल्या पोरासारखा! बिचाऱ्या वहिनीला मात्र रोज नवं खोटं बोलावं लागतं, आणि तिला ते अजिबात जमत नाही. तिची कीव येऊन मी आता फोन बंद केलेत आणि पत्र लिहायला बसले आहे. हे फाडून टाकलंस तर दुसरं पाठवीन. माझा हट्ट तुला नवा नाही. आणि आधीच सांगून ठेवते, मी भांडायला लिहिते आहे.

मला सध्या सगळ्यांचाच राग आलाय. तुझा, आत्याचा, गेलेल्या आई-बाबांचा, आमच्या मोठ्या साहेबांचा, आणि सगळ्यात जास्त तांब्या-पितळेचा. सव्वीस वर्षं मी संग्रहालयाच्या या तळघरातल्या प्रयोगशाळेत बसून जुन्या धातूंची वयं काढते आहे, आणि या सव्वीस वर्षांत भेटलेल्या प्रत्येक माणसानं मला एकच प्रश्न विचारला आहे: "हे किती जुनं आहे हो?" जणू धातूच्या पोटावर तारीख कोरलेली असते आणि मी मुद्दाम ती सांगत नाही. अरे, धातूला वय नसतं! लाकडाला असतं, हाडाला असतं, कारण ती कधीतरी जिवंत होती. तांबं कधी मेलं होतं म्हणून त्याचं वय सांगायचं? आज वितळवलं, उद्या पुन्हा वितळवलं, तर ते नवंच्या नवं. त्यात कथील किती, शिसं किती, हे मी तुला दशांश चिन्हापर्यंत सांगेन. पण कधी ओतलं, हे तांबं स्वतः सांगत नाही. त्याच्या आजूबाजूला जे काही चिकटलंय, आत जे अडकलंय, त्याला विचारावं लागतं. म्हणजे नवरदेवाचं वय शेजाऱ्यांना विचारून काढायचं, असला आमचा धंदा. आणि शेजारी कधीकधी खोटं बोलतात.

हे तुला ऐकवायचं कारण असं की यंदा मोठ्या साहेबांच्या डोक्यातून एक प्रदर्शन निघालं: 'धातूचं वय कसं कळतं?' लोकांना सगळं डोळ्यांसमोर दाखवायचं, वस्तूला भोक पाडतानासुद्धा. आता संग्रहालयातल्या वस्तूला भोक पाडायचं म्हटलं की सहा सह्या लागतात. म्हणून मी म्हटलं, आपल्या घरची हरणी आहे की! ओतीव धातूची, हातभर लांबीची, आतून पोकळ, पाय दुमडून बसलेली, मान वर केलेली. आजोबांनी शिंपीकामासाठी दुकान विकत घेतलं तेव्हा आधीच्या मालकानं टाकून दिलेल्या अडगळीत ती मिळाली, आणि तेव्हापासून बाबांच्या कापायच्या टेबलावर कापड उडू नये म्हणून बसलेली. गिऱ्हाइकांना बाबा डोळे मिचकावून सांगायचे, हजार वर्षांची आहे, जपून हात लावा. सगळे हसायचे. मलाही वाटायचं, असेल शंभरेक वर्षांची. तिला भोक पाडलं तर रडायला कोण बसलंय? बाबांच्या मागे ती तुझ्याकडे होती. तू ती जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या हातात दिलीस, एका शब्दानंही नको म्हणाला नाहीस.

आणि मी तुला विचारलं होतं, दादा. दारातच विचारलं होतं. प्रत्येकाला विचारते तसं, की हिला कधी डाग दिलाय का, जोड दिलाय का, कधी आगीबिगीत सापडली होती का. तू चपला नीट लावत होतास. खाली बघूनच म्हणालास, "नाही." त्या एका 'नाही'वर मी चार महिने काढले.

आता हे नीट वाच, कारण पुढचं सगळं यावर आहे. अशी पोकळ वस्तू ओततात तेव्हा आत मातीचा गाभा असतो. मातीवर मेण, मेणावर परत माती, मग मेण वितळवून त्या फटीत धातू ओतायचा. आतली माती बरेचदा आतच राहून जाते. तर ती माती म्हणजे ठिबकणाऱ्या नळाखाली ठेवलेली बादली समज. आजूबाजूच्या जमिनीतून, मातीतूनच, अगदी थोडा थोडा किरणोत्सार तिच्यात वर्षानुवर्षं साठत राहतो. माती भाजली की बादली पूर्ण रिकामी होते आणि पुन्हा पहिल्या थेंबापासून भरायला लागते. मी काय करते, चिमूटभर माती काढून अंधारात तापवते. साठलेलं सगळं मंद उजेड होऊन बाहेर पडतं. तो उजेड मोजला की बादली किती भरली होती ते कळतं, आणि मग शेवटची कधी रिकामी झाली तेही कळतं. हरणीच्या हनुवटीखाली एक बारीक भोक आधीच होतं. तिथून मी माती काढली, मोजली, परत मोजली. चोपन्न वर्षं. चार-पाच वर्षं इकडेतिकडे.

मला इतकं हसू आलं! बाबांची हजार वर्षांची हरणी तुझ्याहून लहान निघाली. कुणा ओताऱ्यानं बनवून आजोबांच्या, नाहीतर बाबांच्याच, गळ्यात मारली आणि बाबांनी आयुष्यभर आपल्याला बनवलं. तुझ्याकडे रविवारी सगळे जेवायला जमलो होतो तेव्हा मी हीच गंमत सांगितली. काय रंगवून सांगितली! मुलं हसली, वहिनी हसली. मी म्हटलं, "चोपन्न वर्षं! दादा तेव्हा नऊ वर्षांचा घोडा होता." तू ताटावरून उठलास. हात धुतलेस आणि आत जाऊन दार लावून घेतलंस. वहिनी म्हणाली, पित्त झालं असेल. मला वाटलं, बाबांची थट्टा तुला आवडली नाही. घरी येताना मी वाटेभर चिडले होते, की या माणसाला साधा विनोद कळत नाही.

पण मग हरणीनंच मला सतवायला सुरुवात केली. मातीचा गाभा साच्यात हलू नये म्हणून आरपार लोखंडी खिळे घालतात. तिच्या अंगात असे चार खिळे निघाले, गंजून पार भुसा झालेले. आता लोखंड कोळशावर काढलं असेल तर त्या कोळशाचा अंश लोखंडात मुरतो, आणि कोळसा म्हणजे कधीकाळचं झाड. झाड मेलं त्या दिवसापासून त्याच्यातला एक प्रकारचा कार्बन ठरलेल्या गतीनं कमी होत जातो. तो मोजायची यंत्रं आमच्याकडे कुठली, दुसऱ्या शहरात नमुना पाठवावा लागतो आणि मग त्यांच्या नाकदुऱ्या काढत बसावं लागतं. तिकडे मोठे साहेब माझ्या डोक्यावर बसलेले. त्यांना चोपन्न हा आकडा फार आवडला होता. पाटीसुद्धा त्यांनी छापायला दिली: 'विज्ञानानं पकडलेली लबाडी.' मी म्हटलं, साहेब, थांबा, कार्बनचं उत्तर येऊ द्या. ते म्हणाले, "लोकांना एक आकडा द्या हो, दोन आकडे दिले की त्यांचा विश्वास उडतो." यांनी जन्मात हातात ड्रिल धरलेलं नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला सगळ्यांत पुढे.

उत्तर आलं. खिळ्यांचं वय आठशे ते साडेनऊशे वर्षं. माझं डोकंच फिरलं. मातीचं वय चोपन्न आणि मातीत रुतलेल्या खिळ्याचं नऊशे! आधी वाटलं, नकली माल करणाऱ्यानं जुने खिळे वापरले असतील, तसेही महाभाग असतात. म्हणून पायाखालचा एक कण कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गंज नुसता वर बसलेला नव्हता, धातूच्या कणाकणाच्या फटीतून आत खोल उतरला होता. असा गंज अॅसिड ओतून चार दिवसांत आणता येत नाही, त्याला शतकं लागतात. म्हणजे धातू जुना, खिळे जुने, आणि माती तेवढी नवी? माती नवी असूच शकत नाही, ती धातूच्या पोटात आहे. एकच वाट उरली. बादली मध्येच कुणीतरी पुन्हा रिकामी केली होती. चोपन्न वर्षांपूर्वी हरणी आगीत सापडली होती, चांगलीच भाजली होती, आणि तू मला 'नाही' म्हणाला होतास.

मी तणतणतच तुला फोन केला. माझं काम, माझे महिने, साहेबांसमोर झालेली माझी शोभा, सगळं एका दमात तुला ऐकवलं आणि विचारलं, खोटं का बोललास? त्यावर तू जे बोललास ते मी आजही शब्दाशब्दाला ऐकते. "तू हरणीचं वय नाही काढलंस. माझी आई गेल्याला किती वर्षं झाली ते काढलंस. इस्त्री बंद करायला तिनं मला सांगितलं होतं आणि मी विसरून खेळायला गेलो. झालं समाधान?" आणि फोन ठेवलास. ते आपलं शेवटचं बोलणं.

दादा, मला काय माहीत होतं? तुझी आई वेगळी होती, ती तू लहान असताना तापानं गेली आणि मग बाबांनी माझ्या आईशी लग्न केलं, एवढंच मला आयुष्यभर सांगितलं गेलं. ताप! घरातल्या प्रत्येक माणसानं मूग गिळले होते आणि वर मला ताप म्हणून सांगत होते. माझ्या आईलाही खरं माहीत असणार, तरी ती तुझ्या आईच्या फोटोसमोर उभी राहून मला तापच सांगायची. आणि मी मूर्ख, मी तापाला ताप समजून बसले. तुझ्या घरात इस्त्री नाही, यावर आपण सगळ्यांनी किती वर्षं तुझी टिंगल केली! शिंप्याचा मुलगा आणि अंगात चुरगळलेला शर्ट. तुझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा मीच म्हटलं होतं, की नवरीच्या बापाला कुणीतरी बादलीतून काढून सरळ मांडवात उभं केलंय. तूही हसला होतास. तू कसा हसलास रे? एकदा तरी माझ्या थोबाडीत मारायची होतीस.

मग मी आत्याकडे गेले. तुला कळलं तर आवडणार नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकते. आत्याकडून काही काढून घेणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्या कानानं हवं तेवढंच येतं. आधी तिच्या गुडघ्यांचं झालं, मग शेजारणीच्या सुनेचं झालं. आगीचं नाव काढल्यावर म्हणाली, "त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय." मी विचारलं, कुणी ठरवलं? तर म्हणे, "कुणी नाही गं, ठरलंच होतं ते." शेवटी बोलली, रडली, पुन्हा बोलली. बाबा सामान आणायला गेले होते. तुझी आई वर खोलीत झोपली होती. जिना खाली दुकानाच्या दाराशीच होता आणि तोच आधी पेटला, त्यामुळे तिला उतरता आलं नाही. धुरानंच गेली, आत्या म्हणाली, फार सोसावं लागलं नाही. हे तुला कुणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही, म्हणून लिहिते आहे. लोकांनी पाणी मारून आग विझवली. समोरचा बटणवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "इस्त्री राहिली असेल चालू, दुसरं काय." तेव्हा तू आत्याचं बोट धरून तिथे उभा होतास. आत्या तुला तिथूनच तिच्या घरी घेऊन गेली. दुकान विकलं गेलं, तू पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकलं नाहीस.

मी आत्याला विचारलं, दादाला नंतर कुणी काही म्हणालं का? ती केवढ्या अभिमानानं म्हणाली, "छे! पोराला कुणी एका शब्दानं बोललं नाही." दादा, मला तिथल्या तिथे डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. कुणी बोललं नाही, हेच तर! बटणवाल्यानं एक वाक्य भिरकावलं आणि निघून गेला, त्याला ते संध्याकाळपर्यंत आठवलंही नसेल. नऊ वर्षांच्या पोरानं ते उचललं, आपली विसरलेली इस्त्री त्याला जोडली, आणि घरातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी माया म्हणून त्याच्यासमोर तोंडं शिवून घेतली. तुझ्या मनात काय चाललंय ते त्यांना दिसलं नाही, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा तू काय अर्थ लावलास तेही त्यांना दिसलं नाही. मी आत्यावर इतकी ओरडले की शेजारीण बघायला आली.

ओरडून झाल्यावर मी जे मला येतं ते करायला लागले. दुकानाचं चित्र कागदावर काढ म्हटलं तर आत्यानं तीन वेळा तीन चित्रं काढली. एवढं मात्र तिन्हींत सारखं होतं, की टीचभर दुकान, एका टोकाला रस्त्याचं दार, दाराशी विजेचा मीटर आणि जिना, मध्ये जेमतेम मावणारं कापायचं टेबल, आणि टेबलाच्या मागच्या टोकाला इस्त्रीचा पाट. हरणी टेबलावर मधोमध. मीटरपासून दारावरच्या दिव्यापर्यंत तार बाबांनी स्वतःच ओढली होती, हेही तिनं सांगितलं. सांगताना आवाज उतरला तिचा, आणि मग म्हणाली, जाऊ दे. मागची बाजू जळली होती का, विचारलं तर आधी म्हणाली सगळ्याची राख झाली, मग म्हणाली मागचं शिवणाचं मशीन वाचलं होतं, ते बाबांनी पुढे कितीतरी वर्षं वापरलं. हरणीचं तोंड कुणीकडे असायचं, विचारलं तर म्हणाली दाराकडे. थोड्या वेळानं म्हणाली, नाही, भिंतीकडे. शेवटी वैतागून म्हणाली, "हरणीचं तोंड घेऊन काय करायचंय तुला?"

काय करायचं होतं ते सांगते. मी माती काढली होती ती हनुवटीखालून, म्हणजे तोंडाकडची. आता मी तिच्या मागच्या बाजूला, शेपटीपाशी, नवं भोक पाडलं. साहेबांची सही घेतली नाही, हरणी आपली आहे, त्यांची नाही. तिथली माती काढली आणि मोजली. दादा, मागच्या मातीचं वय नऊशेच्या आसपास निघालं. खिळ्यांइतकंच. माझा विश्वास बसेना म्हणून वेगळ्या जागेवरून पुन्हा काढली, पुन्हा तेच. एकाच हरणीचं तोंड चोपन्न वर्षांचं आणि पाठ नऊशे वर्षांची. मग मी भिंग घेऊन तिच्यावर पालथी पडले. नाकापाशी, कानामागे शिशाचे बारीक मणी फुटले आहेत, टाचणीच्या डोक्याएवढे. या धातूत शिसं आहे आणि ते बऱ्याच तापमानाला घामासारखं बाहेर येतं. मानेपर्यंत गंज जळून काळा झाला आहे. मागे मात्र तो जुना हिरवा थर जसाच्या तसा, एक मणी नाही, एक काळा डाग नाही. पत्रा पातळ आहे आणि कथील-शिसं मिसळलेला हा धातू शुद्ध तांब्यासारखी उष्णता लांबपर्यंत नेत नाही, म्हणून हे होऊ शकलं. तिला आगीनं एकाच बाजूनं गाठलं, आणि दुसऱ्या बाजूला पोचायच्या आत लोकांनी पाणी मारलं.

सगळं हातात होतं आणि तोंड कुणीकडे एवढंच माहीत नव्हतं. मोठ्या साहेबांना मी सांगून टाकलं, हरणी प्रदर्शनात येणार नाही, पाटी रद्दीत घाला. ते म्हणाले, मग लोकांना दाखवू काय? मी म्हटलं, मला दाखवा, की सव्वीस वर्षं काम करून एक उत्तर धड देता येत नाही. ते दुखावले आणि मला पंधरा दिवस सक्तीच्या रजेवर जायला सांगितलं. बरंच झालं. घरी बसून मी आत्याच्या तीन चित्रांकडे बघत राहिले आणि तुला फोन लावत राहिले, कारण हे ठाऊक असणारा या जगात तू एकटाच उरला होतास. तू उचलत नव्हतास. आणि खरं सांगू? उचललास तर कसं विचारायचं, याची मला भीती वाटत होती. तू म्हणाला असतास, इस्त्रीकडे होतं तोंड, तर मी पुढे काय बोलणार होते?

आता विचारायची गरज उरलेली नाही, आणि म्हणूनच हे पत्र. भांडण आपलं निमित्त. काल भांडी घासताना मला अचानक आठवलं. मी चार-पाच वर्षांची असेन. नव्या घरात हरणी खिडकीत होती, तू मला कडेवर घेऊन तिच्यापाशी उभा होतास आणि तिच्या नाकावर टिचकी मारायला शिकवत होतास. तू म्हणाला होतास, "आमच्या जुन्या दुकानात शाळेतून आलो ना, की दारातूनच हात लांब करून हिच्या नाकावर अशी टिचकी मारायचो." दारातूनच, दादा. तुझे शब्द आहेत. तेव्हा तू कुणाला काही पटवून देत नव्हतास, चार वर्षांच्या पोरीला हसवत होतास, म्हणून मी ते खरे धरते. तिचं तोंड दाराकडे होतं. इस्त्री तिच्या पाठीशी होती, हाताच्या अंतरावर. आग इस्त्रीतून निघाली असती तर आधी ती पाठ भाजली असती, आणि त्या पाठीतली माती नऊशे वर्षांत एकदाही तापलेली नाही. दाराशी काय पेटलं, तार की आणखी काही, ते हरणी सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. बाबांना काय कळलं होतं, कशाची भीती वाटून ते गप्प राहिले, ते मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. तू इस्त्री विसरला होतास, हे खरं आहे. ती लोक येईपर्यंत तशीच चालू राहिली असेल. पण आग तिनं लावली नाही. तू लावली नाहीस.

तुझीच,
धाकटी